रिकाम्या जागेत कोण गायलं?

मुलांनो, तुमच्या आजीने आयुष्यात कुणावरून लिंबू उतरवलं नाही की कपाळाला अंगारा लावला नाही. तेव्हा हे वाचून 'आजी थकली' असं म्हणू नका...

१९६८चा उन्हाळा, धुळ्यातलं आमचं घर. माझी नणंद कमल शिरपूरहून माहेरी आली होती. माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवसापासून तिची वाचाच बसली होती. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. तिच्या सासऱ्यांनी मात्र निरोप धाडला — "आखाजीलोंग बोलनी ते धाडा. नही ते ऱ्हाऊ द्या तठेच." म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत बोलली तर पाठवा, नाहीतर ठेवा तुमच्याकडेच.

शेजारच्या नानांनी एक गाण्याचे मास्तर आणले. पेटी वाजवून माणसं बरी करतो म्हणे! मला तो गृहस्थ पहिल्या दिवसापासून पटला नाही. ठरलेलं गाणं वाजवायचाच नाही. झोपाळ्यावर कमल जसा झोका घेई, तशी याची पेटी. ती थबकली की हाही गप्प.

"हा राग कुठला?" मी विचारलं.

"राग त्यांचा, ताई. मी नुसता मागून चालतो."

असली उत्तरं भोंदूच देतात.

मग त्याने आखाजीची युक्ती काढली. आमच्याकडे आखाजीला झोक्यावर एका गल्लीच्या पोरी ओळ रचून टोमणा मारतात, दुसऱ्या गल्लीच्या तिथल्या तिथे उत्तर जोडतात. मास्तर एक ओळ वाजवायचा आणि उत्तराची जागा रिकामी सोडायचा. कमल गप्पच. मी समोर विणकाम घेऊन — पहाऱ्यावर.

आखाजीच्या आदल्या दुपारी त्याने ओळ वाजवून हात उचलले... आणि उत्तर आलं. बाईचा आवाज. शब्द नाहीत, नुसती गुणगुण, पण सूर चोख. फुटला कंठ, म्हणून मी कमलकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले. मास्तर माझ्याकडे बघत होता. त्याने पुन्हा ओळ वाजवली. पुन्हा उत्तर.

आणि कमल वैतागून म्हणाली, "वहिनी, हाई कोन गाई ऱ्हायनी वं?" म्हणजे, ही कोण गातेय गं?

मी आधी बाहेर धावले. गल्लीत ऊन, शेजारी कुलूप, रेडिओ बंद. परत येऊन पेटीचं झाकण उघडायला लावलं.

"ताई, गायलात तर गायलात, लपवता कशाला?" मास्तर चिडला.

"मी? मी शाळेच्या प्रार्थनेतही नुसते ओठ हलवायची! तुमची पिशवी दाखवा आधी."

पिशवीत पंचा आणि चिवडा निघाला.

कमल शिरपूरला नांदायला गेली. मास्तर शेवटपर्यंत माझंच नाव घेत राहिला, मी त्याचं. घरातले सगळे म्हणाले, आईच आल्या होत्या. पण सासूबाईंची भजनं मी वर्षानुवर्षं ऐकली होती. त्यांची आणि सुराची कधी गाठ पडली नाही. मग कोण? मला आजही सांगता येत नाही.

परवा कमलला फोनवर विचारलं, "खरं सांग, आईच होत्या ना गं?"

"छे! आईचा आवाज असता तर डोळे मिटून ऐकत बसले असते, वहिनी. घरात परकी बाई गाते म्हटल्यावर विचारायला नको?"