बंदुकीत उरलेली हवा

आमच्या नेमबाजी क्लबात गादीवाले हे सर्वांत वजनदार गृहस्थ, आणि सर्वांत अचूकही. "वारा आला तरी मी हलत नाही," असं ते म्हणत. तळघरात वारा कुठून येणार, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. क्लब म्हणजे एका जुन्या गोदामाखालचं तळघर. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला कागदी चकत्या आणि चकत्यांच्या मागे भिंतभर गाद्या. चुकलेला छरा भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून त्या गादीवाल्यांनी करून दिलेल्या. कापूस त्यांनी भरलेला, शिवण त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची. माझे बहुतेक छरे त्या गाद्यांतच आहेत. मी चष्म्याचं दुकान चालवतो, तेव्हा ही गोष्ट गिऱ्हाइकांच्या कानावर जाऊ नये एवढीच माझी इच्छा असते.

त्यांची बंदूक हवेवर चालणारी. नळीखालच्या नळकांड्यात हवा ठासून भरायची, छरा घालायचा, चाप ओढायचा. बाजूला घड्याळाएवढी तबकडी असते. तिचा काटा हिरव्या पट्ट्यावर असला की पोट भरलेलं समजायचं. हे पोट भरायला एक उभा पंप मिळतो. दिसायला सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ, पण स्वभावानं सासरा. शेवटी शेवटी तर अख्खा माणूस दांड्यावर लोंबकळला तरी दांडा खाली जायला तयार नसतो. गादीवाल्यांच्या छातीचा आलेख बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं, "एकट्यानं पंप मारायचा असेल तर आधी मृत्युपत्र करा."

तेव्हापासून वहिनी मदतीला आल्या. त्यांच्या गाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कापसाच्या गाठींच्या मधल्या जागेत, नवराबायको समोरासमोर उभे राहत. पंपाच्या पट्टीवर याचा एक पाय, तिचा एक पाय. दांड्यावर चार हात. मी एकदा उशीचे अभ्रे आणायला गेलो आणि हा सोहळा पाहिला.

"धाकटीचा फोन आला होता," गादीवाले म्हणाले. धाकटी म्हणजे त्यांची बहीण, वहिनींची नणंद.

"कशाला?" दांडा खाली गेला.

"सहज."

"तुमची बहीण सहज शिंकतसुद्धा नाही." दांडा पुन्हा खाली गेला. "आपलं शिलाई मशीन हवं असेल."

"थोड्या दिवसांसाठी म्हणत होती."

"मागच्या वेळी कात्री थोड्या दिवसांसाठी नेली. तिचं काय झालं, विचारा." दांडा असा दणकला की काटा हिरव्यावर जाऊन बसला.

गादीवाल्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. नंतर म्हणाले, "चष्मेवाले, इतर विषयांवर फार वेळ लागतो. धाकटीचा विषय काढला की लवकर भरते." दिवसभर दुकानात गिऱ्हाइकं, संध्याकाळी घरी पाहुणे, दोघांना निवांत बोलायला मिळे ते एवढंच. निवांत म्हणजे धापा टाकत.

शेवटची हवा भरून झाली तेव्हा वहिनी पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या होत्या, "आता महिनाभर माझं नाव काढू नका." हे मला गादीवाल्यांनीच सांगितलं, त्या गेल्यानंतर. साधा ताप आला, तो छातीत उतरला, आणि डॉक्टर ज्याच्या छातीची काळजी करत होते तो मागे राहिला.

गादीवाले क्लबात यायचे, पण बंदूक आणायची नाही. बाकावर बसून आमचे नेम बघायचे. मी एक दिवस विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाले, "ती भरलेली आहे हो. हिनं भरलेली. एक छरा मारला की तेवढी गेली."

बंदूक वहिनींनी शिवलेल्या छोट्या दुलईत गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवली होती. रोज सकाळी दुलई बाजूला करून काटा बघायचा आणि पुन्हा पांघरूण घालायचं. आजारी लेकराचा ताप बघावा तसं. पण काटा जागचा हलू लागला होता. कुठूनतरी हवा गळत होती. रोज केसभर, पण गळत होती. एक दिवस तो हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरला आणि गादीवाले सकाळी सकाळी माझ्या दुकानात येऊन उभे राहिले.

"हवेची टाकी विकत घ्यायचीय," ते म्हणाले. "जुनी चालेल. चला बरोबर."

मला वाटलं, बरं झालं, माणूस पुन्हा नेम धरणार. वाटेत त्यांनी माझा गैरसमज दूर केला. नेम धरायचा नव्हताच. काटा उतरला की वरून थोडी भर घालायची, म्हणजे आतली हवा कधीच पूर्ण संपणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. "दुधात पाणी घातलं तरी दूधच म्हणतात ना," असंही म्हणाले. आमचा दूधवाला हे ऐकून पाया पडला असता. 

टाकी विकणारे गृहस्थ अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावर राहत. घरातलं सामान अर्धं खोक्यांत गेलेलं, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काळी, गुळगुळीत, बाळसेदार टाकी रबरी टोपी घालून बसलेली.

"लेकीकडे राहायला चाललोय," फायरवाले म्हणाले. "जावई म्हणतात, बाबा, तुम्ही या, बाँब आणू नका. चाळीस वर्षं लोकांच्या घरात धूर झाला की मी शिरायचो. आता जावयाच्या घरात शिरायला अटी."

त्यांनी टाकी आडवी केली, बनवल्याची तारीख दाखवली, तपासणीचा शिक्का दाखवला. "जुनी टाकी घेताना हे दोन आधी बघायचे, मग माझा चेहरा," म्हणाले. टाकी चोख होती. सौदाही दोन वाक्यांत झाला. गादीवाल्यांनी घासाघीस केली नाही, तेव्हा मला त्यांची खरी काळजी वाटली.

"बंदूक आणलीय ना? जोडून बघू. चालू असल्याशिवाय मी कोणाला वस्तू देत नाही."

गादीवाल्यांनी दुलई सोडली. फायरवाल्यांनी बंदूक हातात घेतली, काटा बघितला, कानाशी धरली. मग वाटीत साबणाचं पाणी केलं आणि बोटानं एकेका जोडावर लावत गेले. नळी जिथे जोडतात त्या तोंडाशी एक बुडबुडा आला. हळूहळू फुगला, त्यात खिडकी दिसायला लागली, आणि फुटला. त्याच जागी दुसरा फुगू लागला.

"ही बघा, इथून जातेय. आतली रबरी कडी गेलीय. अशा गळक्या तोंडावर मी टाकी उघडणार नाही. सवय म्हणा, खोड म्हणा. थांबा, आतली सोडून देतो, कडी बदलतो, मग नवी भरू."

त्यांनी बंदूक मोरीकडे वळवली तेव्हा गादीवाल्यांनी त्यांचं मनगट धरलं. 

"ती हवा सोडायची नाही."

फायरवाले माझ्याकडे बघू लागले. मी चार वाक्यांत सांगितलं. दुसरा कोणी असता तर हसला असता किंवा डोळे टिपले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही. बंदूक दुलईवर ठेवली, समोर खुर्ची ओढली.

"थांबायची नाही हो ती," ते म्हणाले. "कपाटात ठेवा, दुलईत ठेवा. जाणारच आहे."

"वरून भरली तर?"

"तरी तीच आधी निघून गेली की नवी, कोण सांगणार?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ताईंनी एवढा घाम गाळून भरली ती कशासाठी? कपाटासाठी?"

गादीवाले त्या दुसऱ्या बुडबुड्याकडे बघत होते. तो फुटला. मग दुलई गुंडाळली. "रविवारी क्लबात या," म्हणाले. "कडी घेऊन या. टाकीही तिथेच आणा."

रविवारी ते रेषेवर उभे राहिले. आम्ही सगळ्यांनी आपल्या बंदुका खाली ठेवल्या. तसं कोणी सांगितलं नव्हतं. पहिला छरा चकतीच्या मधोमध लागला. दुसरा त्याच भोकातून गेला. एरवी असा नेम लागला की गादीवाले मान वळवून आमच्याकडे बघत, आणि आम्ही न पाहिल्यासारखं करत असू. आज त्यांनी मान वळवली नाही.

हवा कमी होत गेली तसे छरे खाली उतरू लागले. ते नळी थोडी वर धरत, पुन्हा थोडी वर. आवाजही बारीक होत चालला. एक छरा चकतीची खालची कड फाडून गेला. एक नुसता मागच्या गादीत, वहिनींच्या शिवणीजवळ रुतला. त्यानंतरचा अर्ध्या वाटेत जमिनीवर टपकला. गादीवाल्यांनी आणखी एकदा चाप ओढला. टक् एवढंच वाजलं.

"संपली," ते म्हणाले आणि बंदूक फायरवाल्यांच्या हातात दिली.

कडी बदलायला फार वेळ लागला नाही. साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा आला नाही. फायरवाल्यांनी नळी जोडली आणि टाकीची चावी जरा फिरवली. बारीक फुस्स असा आवाज झाला आणि काटा उठून चालू लागला. दांडा नाही, धाप नाही, घाम नाही. गादीवाले एक पाय पुढे टाकून उभे होते, पंपाची पट्टी नसतानाही.

"इतक्यात होईल?" त्यांनी विचारलं.

"होईल की. हाच तर टाकीचा फायदा."

"जरा सावकाश नाही भरता येत?"

फायरवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चावी जवळजवळ बंद केली. आवाज ऐकू येईनासा झाला. काटा हलतो आहे की नाही, हे कळायला टक लावून बघावं लागत होतं.

"धाकटीचा फोन आला होता," गादीवाले काट्याकडे बघत म्हणाले.

फायरवाल्यांना काही उमगलं नाही. ते चावीवर हात ठेवून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मी चष्मा काढून पुसायला घेतला.