फुकटच्या मासिकातला लेख

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकले असतील. वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिल कमी आणि कांड्या जास्त आल्या. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. भिवंडीत, नारपोलीला आमच्या भिंतीपलीकडे लूम चालायचे, अलीकडे मी कांड्या भरायचे. शेकड्यावर पैसे.

तेव्हा पोटमाळ्यावर मुंबईची एक मुलगी भाड्याने राहायला आली. शहराचा अभ्यास करायची. निजामपुऱ्यातल्या गल्ल्यांचा नकाशा तिने स्वतः काढला होता, तरी आठवड्यातून दोनदा रस्ता चुकायची आणि रिक्षावाला तिला दारात आणून सोडायचा. ती मला वहिनी म्हणायची, मी तिला ताई. ती विचारायची फार, मी बोलायचे नाही. मग सासूबाई माझ्या वतीने उत्तरं द्यायच्या, त्यातली निम्मी मनाची.

एकदा ताईची शिष्यवृत्ती रखडली. तिने मान खाली घालून बाराशे रुपये मागितले. तेवढेच माझ्याकडे होते, पण ते भिशीचे. मी कुठे काही बोलत नाही, म्हणून गल्लीतल्या बायकांनी पैसे माझ्याकडे ठेवले होते. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. मी पैसे दिले.

भिशीची चिठ्ठी दहा दिवसांवर होती. पण ताईचा लेख छापून येणार होता, त्याचा मला आधार. कांड्यांना शेकड्याचा भाव आहे, तर पानांनाही असणारच. तिची तीस पानं होती.

भिशीच्या आदल्या दिवशी ती उड्या मारतच आली. "आजी, वहिनी, लेख आला! चला दाखवते." आम्ही सायबर कॅफेत गेलो. कॉम्प्युटरवर सगळं इंग्रजी.

सासूबाईंनी विचारलं, "किती मिल्लं गो बाय?"

"काही नाही, आजी. या मासिकात लिहिणाऱ्याला पैसे नसतात. वाचणाऱ्यालाही द्यावे लागत नाहीत."

मी मनातल्या मनात भिशीतल्या बायका मोजायला लागले.

"मंग लिवलं कशाला?"

"शहरात काय चुकतंय ते सांगायला. टीका करायला."

"भिवंडीवर टीका? ती तर हितं समदीच फुकट करत्यात. रिक्षात बस, खड्डा येऊ दे!"

ताई हसली. "आजी, तुमच्यासारख्यांनाही फुकट वाचता यावं, म्हणून तसं."

"विंग्रजीत?"

बाहेर येताना तासाचे वीस रुपये सासूबाईंनीच दिले आणि म्हणाल्या, "फुकटचं मासिक महाग पल्लं."

घरी आल्यावर मला रडू फुटलं. सासूबाईंनी खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. वाटलं, आता गल्ली गोळा होणार. त्या उठल्या, आपल्या लुगड्यांच्या घडीतून बाराशे काढले आणि म्हणाल्या, "एवढी शिकलेली, आन उसनं चौथीवालीकडून! घे. भिशी चुकवू नको."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी निघाली. कुणाला काही कळलं नाही.

ताईला मात्र कळलं, सासूबाईंनी कळवलंच. ती फार ओशाळली. पुढे तीन दुपारी मी कांड्या भरत असताना तिने शेजारी बसून अख्खा लेख मराठीत सांगितला. त्यात मीही होते, नाव न घेता. वीज गेली की लूम थांबतात आणि झोपलेलं बाळ त्या शांततेने दचकून उठतं, हे एकदा मीच चुकून बोलून गेले होते.

"ह्ये हिनं सांगितलं? मला वाटलं मुकी हाय," सासूबाई म्हणाल्या.

शिष्यवृत्ती आली ती पण अर्धीच. ताईने सहाशे दिले. मग कॉलेजात तासावर शिकवायला लागली, खोली सोडून गेली, तरी महिन्याला येऊन शंभर-दोनशे द्यायची. सासूबाई दारातच विचारायच्या, "पैशे आनलंस का आजून येक लेख?" शेवटचे दोनशे घेऊन आली तेव्हा सासूबाईंनी नोटा दोनदा मोजल्या, लुगड्याच्या घडीत सारल्या आणि मला म्हणाल्या, "बाराशे पुरे झाले. चहा ठेव तिला."