कॉन्स्टँटिनोपल आणि आमचे साडूभाऊ

सासूबाई धडधाकट असताना त्यांच्या फोटोखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिणारा जावई चंद्रपूर जिल्ह्यात मी एकटाच असेन. पण त्यात दोष माझा निम्माच. उरलेला निम्मा आमच्या साडूभाऊंचा. ‘आजचा दिवस’ या गोष्टीचा त्यांच्याइतका छळ अख्ख्या पृथ्वीवर कोणी केला नसेल. सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा दिनविशेष येऊन पडतो. आज कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे लढाई झाली, कुठे भूकंप झाला, कोणी कशाचा शोध लावला. हे सगळं वाचत बसलो तर नोकरी करायची कधी? म्हणून मी जयंतीला ‘विनम्र अभिवादन’ आणि पुण्यतिथीला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असा न वाचताच हात जोडायला शिकलो. एका सकाळी त्यांनी सासूबाईंच्या वाढदिवसाचा फोटो टाकला आणि माझा अंगठा चुकीच्या ओळीवर पडला. पाचच मिनिटांत आरमोरीहून फोन. “जावईबापू, मी चहा घेऊन राह्यली. पिऊ का ठेवून देऊ?”

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, आरमोरीकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. हा रोग त्यांना भामरागडला जडला. तरुणपणी तिथे नेमणूक झाली. परिपाठाला फळ्यावर रोज ताजी बातमी लिहायचा नियम. पण पावसाळ्यात नदी रस्त्यावर आली की वर्तमानपत्रच बंद. मग यांनी फळ्यावर जुन्या बातम्या लिहायला घेतल्या. “ताजी बातमी पुरात अटकते, जुनी कायले अटकंल?” हे त्यांचं शास्त्र. पुढे पूल झाले, मोबाईल आले, ते स्वतः निवृत्त झाले, पण परिपाठ काही सुटला नाही. फरक एवढाच, की तेव्हा मुलं रांगेत उभी असायची आणि आता आम्ही.

बरं, माणूस प्रसंग पाहील की नाही? माझं मूतखड्याचं ऑपरेशन नेमकं एकवीस जानेवारीला. मला स्ट्रेचरवर घेतलंय, बायको माझा हात धरून रडवेली झालीय, तेवढ्यात हे वाकून म्हणतात, “आजच्याच दिवशी फ्रान्सच्या राजाची मान कापली होती. तुमचा तं नुसता खडाच काढून राह्यले.” हा त्यांचा धीर देण्याचा प्रकार. पंधरा ऑगस्टला आमच्या कॉलनीत झेंडावंदन झालं की लाडू वाटायच्या आधी ते उभे राहतात. पिनकोड याच तारखेला सुरू झाला, म्हणून प्रत्येकाने आपला पिनकोड मोठ्याने म्हणायचा. कॉलनीचा अध्यक्ष म्हणून पहिला नंबर माझा. मी चुकलो. मागून कोणीतरी म्हणालं, “म्हणूनच आपलं टपाल येत नाई.” चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहून, त्याच रात्री एक मोठं जहाज हिमनगावर कसं आदळलं ते त्यांनी मला ओरडून सांगितलेलं आहे. नाचायला आलेला माणूस त्यावर काय करणार? मी ओरडून वाईट वाटल्याचं कळवलं.

हे सगळं मी सोसलं. पण माझ्या मुलीच्या, पल्लवीच्या लग्नाची तारीख काढायला बसलो, तेव्हा मात्र माझ्या सहनशक्तीचा बांध फुटला.

आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. छप्पन साली, चंद्रपूरला अजून चांदा म्हणत त्या काळी, इथे बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा माझे आजोबा त्या गर्दीत होते. घरी आले आणि पंचांग त्यांनी चुलीत घातलं. तेव्हापासून आमच्याकडे सगळे दिवस सारखे. पल्लवीचं सासर होऊ घातलेलं घरही तसंच. व्याही राजुऱ्याचे, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, मोकळे पण तापट. तेव्हा तारीख ठरवायला चहा पिण्याइतका वेळ पुरायला हवा होता. माझी चूक एवढीच, की मी त्या चहाला साडूभाऊंना बोलावलं.

“सव्वीस एप्रिल धरा,” व्याही म्हणाले.

“त्या दिवशी रशियाकडे अणुभट्टी फुटली होती,” साडूभाऊ म्हणाले.

व्याह्यांना ती गंमत वाटली. “बरं, मंग सहा मे.”

“गॅसनं भरलेलं आकाशातलं जहाज जळालं. माणसांसकट.”

आता मी पुढे सरसावलो. इतक्या वर्षांच्या दिनविशेषांतून मलाही एक तारीख पाठ झाली होती. “एकोणतीस मे! एव्हरेस्ट सर झालं त्या दिवशी. आता बोला!”

साडूभाऊंनी माझ्याकडे नापास मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. “त्याच दिवशी तुर्कांपुढे कॉन्स्टँटिनोपल शहर पडलं.”

“पडलं तं पडू द्या ना!” व्याह्यांनी कप आपटला. “आमचं कोन राहत होतं तिथी? भाऊ, मले सरळ सांगा. तुमच्या घरी मुहूर्त पाहून राह्यले का? आमच्या बापानं जे घराबाहेर काढलं, ते तुम्ही मागच्या दारानं आणून राह्यले. अशा घरी मले सोयरीक करायची नाई.” आणि ते चपला घालून निघूनही गेले. स्वयंपाकघराच्या दारात पल्लवी उभी होती. ती पुढे आली आणि कपातून सांडलेला चहा पुसू लागली.

मग मी बोललो. मोठा साडू, वयाचा मान, सगळं बाजूला ठेवून बोललो. “भाऊ, तुमच्या त्या कॉन्स्टँटिनोपलानं माझ्या पोरीचं लग्न मोडलं. काऊन मधात बोलले तुम्ही?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पल्लवीकडे पाहून म्हणाले, “मले वाटलं, वर्षात एक तरी दिवस साफ असंल. कोनी मेलं नाई, काही जळलं नाई, असा. तो हिच्यासाठी पाहून राह्यलो होतो.” पल्लवी लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात त्यांच्याकडे आरमोरीला राहायची. त्यांना मूलबाळ नाही.

रात्री ते आमच्याकडेच मुक्कामाला होते; दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्यांची पिशवी नाही. रागावून आरमोरीला गेले, असं आम्ही धरून चाललो. दुपारी राजुऱ्याहून व्याह्यांचा फोन. मी घाबरतच उचलला.

“तुमचे साडभाऊ इथी बसले हायेत,” ते म्हणाले. “सकाळपासून अख्खा मे महिना सांगून राह्यले मले. एकही दिवस साफ नाई म्हणते. आन् सांगता सांगता डोळे पुसते. आता अशा माणसावर रागवावं तं कसं?”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय! मी म्हणलं, गुरुजी, लोकाईनं रोजच्या रोज मयत केली आन् रोजच्या रोज लग्नंही लावले. तुमच्या त्या पडलेल्या गावाच्या दिवशीच लावू. एकोणतीस मे. पोरीले सांगा.”

पोरीला सांगायची गरजच नव्हती. तिने माझ्या हातातून फोन घेऊन “मावसाजी जेवले का?” एवढंच विचारलं.

एकोणतीस मेला चंद्रपूरचं ऊन जसं असतं तसं होतं. कुलर गरम हवा फेकत होते. वंदना झाली, लग्न लागलं आणि साडूभाऊंनी माईक हातात घेतला. मी माईकची वायर कुठे जाते ते शोधू लागलो. व्याही पहिल्या रांगेतून ओरडले, “गुरुजी, पडलं का?” सगळा मंडप हसला. साडूभाऊही हसले, बोलायला तोंड उघडलं, पल्लवीकडे पाहिलं आणि माईक तसाच परत देऊन खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हा लक्षात आलं, की त्या सकाळी ग्रुपवर दिनविशेषही आला नव्हता. तो आला संध्याकाळी, पाठवणी झाल्यावर, रिकाम्या खुर्च्यांत मी आणि बायको बसलो असताना. माझा अंगठा सवयीने चालला, ‘विनम्र अभिवादन’ लिहून गेला आणि मग मी वाचलं. एव्हरेस्ट नव्हतं, कॉन्स्टँटिनोपल नव्हतं. एकच ओळ होती : ‘आजच्या दिवशी आमची पल्लवी सासरी गेली.’

मी दचकून ते पुसायला निघालो. बायकोने डोळ्यांना लावलेला पदर काढून माझ्या फोनकडे पाहिलं आणि माझा हात धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “या खेपेले बरोबर लिवलं तुम्ही.”