पवळ्याला नाल्यापलीकडे बांधलं तेव्हा

आमच्या घरात सात वर्षं उत्तम चाललेलं एक भांडण मी विद्यापीठातून शिकून येऊन एका दिवसात बिघडवलं.

भांडण बाबांचं आणि काकांचं. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरची बाभूळ बाबांनी काकांना न विचारता तोडली आणि तिचा तण काढायचा डवरा केला, एवढंच. तेव्हापासून भावाभावांचा अबोला. पण आदिलाबादजवळ तामसीकडच्या आमच्या गावात अबोला धरला म्हणून बोलणं थांबत नाही. समोरच्याशी बोलायचं नाही एवढाच नियम. त्याच्या कानावर पडेल असं दुसऱ्या कुणाला सांगायला मोकळीक असते. कुणी भिंतीला सांगतं, कुणी चुलीला. आमच्याकडे बैल होते. वाटणीत बाबांना पवळ्या आला, काकांना मोऱ्या. त्यामुळे घरं दोन झाली तरी जोडी एकच आणि गोठाही एकच.

"पवळ्या, उद्या कपाशीत डवरा धरा लागते बापा," बाबा त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे.

"मोऱ्या, उद्या नाई जमत. आदिलाबादले जाणं हाये," पलीकडून काका.

"मंग परवा धरू. काय पवळ्या?"

पवळ्या रवंथ करायचा. परवा डवरा धरला जायचा.

मी तेव्हा हैदराबादला कायदा शिकवत होतो. (शिकवता शिकवता खिडकीबाहेर बघायची सवय. एकदा तास संपून मुलं निघून गेली होती, हे मला पुढच्या तासाच्या मुलांनी सांगितलं.) नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोर्टाची पायरी न चढता भांडणं कशी मिटवायची, याचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम तिथल्या विद्यापीठानं काढला आणि मी नाव घातलं. शिकवणाऱ्या मॅडम इतक्या हळू बोलायच्या, की पंख्याच्या वाऱ्यात बसून सगळं जगच समजूतदार वाटायला लागायचं. मध्यस्थानं स्वतःचं मत द्यायचं नाही. दोघांना वेगवेगळं बसवायचं. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. तिऱ्हाईत जवळ नको. आणि शेवटी विचारायचं, तुम्हाला नेमकं काय हवं? एक खरं भांडण मिटवून अहवाल दिला की प्रमाणपत्र.

आदिलाबादहून बस निघाली. श्रावण सरत आला होता, ढगांच्या सावल्या कपाशीवरून संथ चालल्या होत्या आणि त्यांच्या मागोमाग मीही गेलो. आधी बाबा आणि काका गळ्यात पडले. मग गावातले सगळे तंटे मिटले. मग दोन राज्यांचे मंत्री नदीच्या पाण्याचा वाद घेऊन माझ्या ओसरीवर आले, मी त्यांना ताक दिलं, तेही मिटले. कंडक्टरनं "दिगू, दिगू" (तेलुगूत उतर, उतर) म्हणत मला खाली उतरवलं, तेव्हा गाव दोन कोस मागे राहिलं होतं. शहाणा माणूस तिथूनच हैदराबादला परतला असता.

"काऊन रे, चांगलं चाललेलं पाहावत नाई का तुले?" मायनं बेत ऐकून विचारलं.

"माय, ते दोघं सात वर्षं बोलत नाहीत."

"दिवसभर तर बोलून राह्यले. माह्याशी बोलत नाई तेवढं त्या बैलाशी बोलते तुहा बाप."

मी बाबांना कापसाच्या खोलीत बसवलं, काकांना ओसरीवर. आणि तिऱ्हाईत नको म्हणून दोन्ही बैल नाल्यापलीकडे आंब्याखाली नेऊन बांधले.

"त्यायले काऊन नेलं?" काका म्हणाले.

"गुप्तता, काका."

"ते कोनाले सांगते?"

मी आत गेलो. समोरच्याचंच बोलणं परत म्हणून दाखवायचं, असा आणखी एक नियम होता.

"मी बाभूळ तोडली," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही बाभूळ तोडली."

"कमी ऐकू येते का रे तुले?"

मी घाईनं शेवटचा प्रश्न विचारला. बाबांना काय हवं, हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं. काहीतरी सांगणं तर भागच होतं. "माहा बैल मले देऊन टाक. बस."

ओसरीवर काका वाटच बघत होते. "त्यानं काय मांगलं?"

"ते सांगता येत नाही."

"म्हंजे मोठंच कायतरी मांगलं असन. मंग माहा बैल मले."

दोघांची मागणी तंतोतंत जुळली! मी तरंगतच तडजोडीचा सुलेनामा लिहिला: पवळ्या बाबांच्या गोठ्यात, मोऱ्या काकांच्या अंगणात. दोघांनी सह्या केल्या. माय पदर तोंडाला लावून चुलीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी घरात अर्धी जोडी होती. अर्ध्या जोडीनं डवरा चालत नाही. कपाशीत तण वाढायला लागलं. पोळा चार दिवसांवर, आणि तोरणाखाली जोडी उभी राहते, एकटा बैल नाही. पोळा झाला की काका मोऱ्याला विकायला भैंसा गावच्या बाजारात नेणार, असं माय सांगत आली. पवळ्या कडब्याला तोंड लावेना. बाबा सवयीनं म्हणाले, "पवळ्या, त्याले सांग..." आणि थांबले. ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदा त्या घरात खरा अबोला झाला होता आणि तो मी आणला होता. मला फार लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका मोऱ्याला घेऊन दारात उभे राहिले. त्यानंही चारा सोडला होता. बाबा पवळ्याला धरून बाहेर आले. मी वही काढली.

"आधी कोण बोलणार?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पवळ्याकडे पाहिलं, आणि सरळ काकांना म्हणाले, "लक्ष्मण, ह्या पोट्ट्याले हैदराबादले शिकाले पाठवलं कोनं?"

"तूच पाठवलं, दादा. मी नाई म्हनत होतो."

"चुकलं माहं."

काकांनी लगेच विचारलं, "आन बाभयीचं?"

"ते बी चुकलं."

काकांनी खिशातला सुलेनामा काढून मोऱ्यासमोर धरला. तीन दिवसांत मोऱ्यानं पहिल्यांदा काहीतरी खाल्लं.

पोळ्याला जोडी तोरणाखाली उभी राहिली. मी हैदराबादला जाऊन अहवालात घडलं तसं लिहिलं. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"भांडण मिटलं. यात तुम्ही काय केलंत?"

"काही नाही, मॅडम. बैल दूर बांधले, तेवढंच."

"मग शिकलात," त्या म्हणाल्या आणि सही केली.

प्रमाणपत्र मी गावी पाठवून दिलं. दिवाळीला गेलो तर भिंतीवर दिसेना. बाबांना विचारलं, तर ते मला गोठ्यात घेऊन गेले. काचेची चौकट करून पवळ्याच्या गव्हाणीवर टांगलं होतं.

"ज्याचं होतं त्याच्यापाशी लावलं," बाबा म्हणाले. "बरं दिसते ना?"

मी चौकट जरा सरळ केली. मध्यस्थानं स्वतःचं मत द्यायचं नसतं.