मोटारीच्या दाराचे खटके

माझं अक्षर किरटं आहे आणि वेलांटी कुठं पहिली, कुठं दुसरी हे मला अजून समजत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणाच्या हाती ही पानं पडलीच तर चुकांबद्दल माफ करावं. कुणी वाचावं म्हणून मी हे लिहीत नाही.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आम्ही पिंपळगाव राजाला राहत होतो. आमचे हे विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचे. खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या शेडमध्ये जुनी विलायती मोटार पडून होती. काळी, लांब नाकाची, चार दारांची. ती ह्यांनी विकत घेतली. नीट करून लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. पैसे भासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावानं दिले. लेकीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते. लग्नाच्या आधी परत करतो, असा ह्यांचा शब्द होता.

इंजिन चालू झालं. मग ह्यांनी चारही दारांचे खटके साफ करायला काढले. प्रत्येक दाराचं सामान वेगळ्या फडक्यात बांधून गाठोडी डब्यात ठेवली. त्यानंतर ह्यांना ताप आला आणि तो उतरला नाही.

सुतक फिटतं त्या दिवशी आमच्याकडं घरातलं सगळं धुतात. सासूबाईंनी तो डबाही ओतला. गाठोडी सोडली, फडकी भिजवली आणि सगळं लोखंड राखेनं घासून अंगणात बाजेवर वाळत घातलं. मी बघत होते. चार दारांचं सामान एक होतंय, हे दिसत होतं. पण थांबवावं असं आतून काही आलं नाही. तेव्हा काहीच येत नव्हतं. ताट समोर आलं की जेवायचं, उठ म्हटलं की उठायचं.

पुढं वडनेर भोलजीचे एक जमीनदार गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला आले. इंजिनाचा आवाज ऐकून खूष झाले. मग दार लोटलं, तर ते उघडंच राहिलं.

"इंजिन झकास हाय," ते भासऱ्यांना म्हणाले. "पण नवरीले काय दोरीनं दारं बांधून आणू? दारं लावा, पैसे घ्या."

जाऊबाई विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "आमच्या पोरीचं लगन त्या लोखंडात अडकलं व बाई!" त्यांचं खोटं नव्हतं. वराकडचे थांबायला तयार नव्हते.

भासरे शेतातून आले की मोटारीपाशी बसायचे. भासऱ्यापुढं सुनेनं तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. मी दाराआड, ते अंगणात आणि मधे बाजेवर सासूबाई.

"माय, तिले पूस, हे चौकोनी दांडकं कुठचं?"

"काऊन व, कुठचं हाय ते?"

"बाहेरच्या मुठीचं," मी आतून म्हणायची.

"मुठीचं म्हणते. अन् मी काय डाकवाला हाओ काय बे? एकाचं ऐकू, दुसऱ्याले सांगू!"

खटका म्हणजे चपटी लोखंडी पेटी. तिच्यातून एक जीभ बाहेर आलेली, मागं स्प्रिंग. जिभेची एक बाजू तिरपी कापलेली. पेट्या चार, दोन एका जातीच्या, दोन दुसऱ्या. भासऱ्यांनी सरळ हिशेब केला, एका जातीच्या दोन्ही डाव्या अंगाला, दुसऱ्या उजव्या अंगाला. पुढची दारं लागली. मागची आदळून परत यायची. खटका उलटा करून बसवला तर मुठीचं भोक जुळेना.

दुपारी घर रिकामं झालं की मी मागच्या सीटवर जाऊन बसायची. जीभ अंगठ्यानं दाबायची, सोडायची. बरं वाटायचं असं नाही, हाताला काम होतं एवढंच. एकदा दार ओढून घेताना दिसलं, जीभ मधल्या खांबाला सरळ बाजूनं धडकते. तिरपी बाजू आत बसलेल्या माणसाकडं हवी, तरच ती घसरून आत जाईल. त्या मोटारीच्या पुढच्या दाराची बिजागरी पुढं होती आणि मागच्याची मागं. कपाटाच्या दोन झडपांसारखी दोन्ही दारं मधल्या खांबाला मिळायची. कपाटाच्या दोन्ही झडपा एकसारख्या नसतात, एकीचा खटका दुसरीला चालत नाही. मागचे दोन खटके आपसात बदलायला हवे होते. पण ह्यांच्या पेचकसाला हात लावायला मन होईना.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या अंगणात ओरडल्या, "डाव्याचं उजव्याले लाव म्हणते!" भासऱ्यांनी पुढचे बदलले. आता लागणारी दारंही लागेनात.

"माय, तिले म्हण, पोरीचं लगन मोडून राह्यलं, अन् तुले खेळ सुचून राह्यला काय?"

मी चौकटीकडं बघून मोठ्यानं बोलले, "मागचे. मागचे बदला म्हणलं."

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. भासऱ्यांनी मागचे दोन्ही खटके काढून पेचकसाशेजारी जमिनीवर ठेवले, उठले आणि निंबाकडं तोंड करून उभे राहिले.

"माय, तिले म्हण, तूच लाव. मी नाही पाहत."

पदर ओढून मी बाहेर आले. पेच हातातून निसटत होते. शेवटी खटका बसला. दार ओढलं, ते खट् करून लागलं. आनंद झाला असं लिहायला हवं, पण झाला नाही. मी दुसऱ्या दाराकडं गेले.

"लागलं काय?" भासऱ्यांनी झाडालाच विचारलं.

"लागलं बे," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या डोक्यानं नाही लागलं."

मी आत गेल्यावर पुढचे खटके त्यांनी पुन्हा पहिल्यासारखे लावले. जमीनदार गाडी घेऊन गेले. आलेले पैसे पुरे पडले नाहीत, पण लग्न ठरल्या वेळी झालं. मी मांडवात गेले नाही, मागं बसून पुऱ्या लाटल्या.

भासऱ्यांचं उरलेलं देणं मी कापूस वेचून फेडलं. मजुरी मिळाली की सासूबाईंच्या हाती द्यायची, त्या भासऱ्यांकडं पोचवायच्या. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी त्या पैसे देऊन परत आल्या आणि चुलीपाशी बसल्या.

"तो म्हणते, आता काही बाकी नाही."

मी बरं म्हटलं. पैसे तेवढे सगळे फिटले होते.