शंभराच्या वरचा उजेड

विकतचं प्रकाशमापक यंत्र बोईसरच्या आमच्या कॉलेजला परवडत नाही आणि रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी केमिस्ट्रीच्या तासासाठी ते घरगुती पद्धतीनं बनवलं. सातपाटीच्या एका विद्यार्थिनीनं सुकटीचा रिकामा पत्र्याचा डबा दिला, तो आतून काळा रंगवला. एका टोकाला निळा एलईडी, दुसऱ्या टोकाला मोडक्या कॅल्क्युलेटरची सोलर पट्टी, मध्ये फिश टँकवाल्याकडून चिकटवून घेतलेलं वीतभर लांबीचं काचेचं पात्र. पाण्यातून जितका उजेड पार जाईल, तितका मीटरवर आकडा मोठा. डबा कितीही घासला तरी सुकटीचा वास जात नसे. मुली म्हणायच्या, आत कोणीतरी टक लावून बसलंय. मी त्यांना दटावायचे, पण झाकण उघडताना माझाही हात क्षणभर थबकायचा.

आधी बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर ठेवून आकडा शंभरावर आणायचा, मग रंगीत द्रावण ठेवायचं. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग डिस्टिल्ड वॉटरचा नवा कॅन आला. मी त्यातलं पाणी पात्रात ओतलं, झाकण लावलं, आणि मीटरनं एकशे चौदा दाखवलं.

"मॅडम, पाणीच उजेड देतंय का?" एका मुलीनं हळूच विचारलं. एरवी अशा प्रश्नावर वर्गात खसखस पिकते. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मी बॅटरी बदलली, डब्यावर काळं कापड टाकलं, खिडक्या लावून घेतल्या. एकशे चौदाच. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पाणी उजेड अडवू शकतं, स्वतःचा देऊ शकत नाही. म्हणजे इतके दिवस आम्ही ज्याला शुद्ध धरून चाललो होतो, तेच उजेड अडवत होतं. जुन्या बाटलीतलं पाणी परत ठेवलं. मुकाट्यानं शंभर.

"ही बाटली कोणी भरली?"

"मीच," आमच्या लॅबच्या मावशी दारातून म्हणाल्या. "मागं संपली व्हती ना. आमच्या बोरीचं पानी हाय, काचेवानी."

मावशी मूळच्या मासवणच्या, आता बोईसरला चाळीत भाड्यानं राहतात. चाळीतल्या बोरिंगच्या पाण्याचा त्यांना भारी अभिमान. कॉलेजचा नळ त्यांना पसंत नाही, म्हणून स्टाफरूमसाठीही रोज घरून कॅन भरून आणतात. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, तिलाही तेच पाजतात.

मी दोन्ही पाणी आळीपाळीनं पात्रात भरलं आणि मावशींना पांढऱ्या कागदासमोर लांबीतून पाहायला लावलं. नव्या पाण्यातून कागद पांढरा दिसला. मावशींच्या पाण्यातून त्यावर फिकट पिवळी झाक आली. पेल्यात ती कधीच दिसली नसती.

"माज्या पान्याला नावं ठेवू नका, मॅडम," त्या रागानं म्हणाल्या. मग पुन्हा वाकून पाहिलं, बराच वेळ. "यात काय हाय?"

तेच तर माझा डबा सांगत नाही. किती उजेड अडला ते सांगतो, कशानं अडला ते नाही. साधी मातीही असेल, किंवा भलतंच काही. मी म्हटलं, आजच तपासणीला पाठवू, तोवर घरात कोणी पिऊ नका. बोलताना माझी नजर टेबलावरच्या माझ्याच पेल्यावर गेली. तो अर्धा रिकामा होता.

मावशींनी घाईघाईनं लेकीला फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरला.

"बाय, बोरीचं पानी पिऊ नको."

"आताच तांब्याभर प्याले," पलीकडून आळसावलेला आवाज आला. "का गं? पोटातलं बाळ बी जागं झालं, बघ. सकाळधरनं गप व्हतं, आता लय हालतंय."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. हे चांगलं की वाईट, ते त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.