दोन पदरी बाह्या
इस्त्री जास्त वेळ टेकून कापड जळालं, की त्या वासासरशी मला भिलाईतली ती दुपार आठवते. तेव्हा कारखाना उभा राहत होता, सगळीकडे लाल धूळ आणि लोखंडाचा ठणठणाट. माझे मिस्टर शिंपी. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जळलेल्या शर्टांना ठिगळं लावायचे. एकदा मीच म्हटलं, "ठिगळं लावण्यापेक्षा शर्टावरून घालाले जाड बाह्याच शिवल्या तर?" ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी दुकानावरचं कॅनव्हासचं छतच उतरवलं. "तुले सुचलं ना, मंग करून पाहू." आता हे फसलं तर उघड्यावर बसायचं, ही धास्ती मनात ठेवूनच मी त्या कापडाच्या बाह्या बेतू लागले. बाह्या शिवून झाल्यावर आम्ही दोघं ओळखीच्या एका वेल्डरकडे गेलो. त्याने एक बाही चढवून काम सुरू केलं. ठिणग्या पडल्या, धूर निघाला आणि कॅनव्हासला भोक पडलं. हात झटकत तो म्हणाला, "वहिनी, शर्ट तर जळलाच. पण तुमची गोष्ट बरोबर हाय, अजून जाड करून आना." परतताना मी मान वर केली नाही. आता हे चिडतील, चारचौघांत हसं झालं म्हणतील, असं वाटत राहिलं. चालता चालता ते म्हणाले, "दुसरा पदर आतून लावू का बाहेरून?" त्या दोन पदरी बाह्यांवरच पुढे आमचं दुकान वाढलं. आता वय झालं, तरी "आतून" म्हणताना माझा आवाज किती कापला होता, ते मला अजून ऐकू येतं.